आभाळातून पडलेलं जातं

बुरोंडीच्या आमच्या शाळेत इतिहासाच्या तासाला वहीचं पान आडवं धरावं लागे. त्यावर तीन रकाने आखायचे: पाहिलेलं, ऐकलेलं, वाचलेलं. गुरुजी एखादी गोष्ट सांगत आणि मध्येच थांबून विचारत, "ही कुठल्या रकान्यात?" उत्तर येईपर्यंत पुढची गोष्ट नाही. या रकान्यांना परीक्षेत गुण नव्हते, पाठ्यपुस्तकात त्यांना जागा नव्हती, तरी आमच्या वर्गातला एकही मुलगा ते आखायला विसरला नसेल.

गाव त्यांना 'सुभेदार गुरुजी' म्हणे. ते सुभेदार नव्हते. हवालदार म्हणून निवृत्त झाले होते आणि कुणी 'सुभेदार' म्हटलं की दर वेळी, न कंटाळता, "हवालदार" अशी दुरुस्ती करत. लोकांना तो विनय वाटे. मला आज वाटतं, त्यांना फक्त चुकीची नोंद सहन होत नव्हती.

चीनच्या युद्धानंतर भरती निघाली तेव्हा ते बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत गेले. शाळा अर्धवट सुटलेली होती. पलटणीत रोमन लिपीतली हिंदी शिकले, फौजेच्या शिक्षणाच्या परीक्षा एकामागून एक दिल्या, पुढे बाहेरून बी. ए. झाले. पेन्शन घेऊन घरी आल्यावर बी. एड. करून आमच्या शाळेत रुजू झाले. पाखाडी उतरून येताना त्यांचं पाऊल लांबूनच ओळखू येई. हातात छत्री असली तरी पाठ कधी वाकली नाही. आवाज मात्र त्यांनी कधीच चढवला नाही. आषाढात कौलांवर पाऊस कोसळायला लागला की बोललेलं ऐकू येत नसे. मग ते फळ्यावर एक नकाशा काढत आणि आम्ही तो उतरवून घेत असू. किनाऱ्याचा नकाशा त्यांना तोंडपाठ होता: वर हर्णैचा सुवर्णदुर्ग, मध्ये मुरूड, लाडघर, बुरोंडी, कोळथरे, आणि खाली वाशिष्ठीच्या मुखावर दाभोळ.

सुवर्णदुर्गाचा धडा त्यांनी शिकवला तो अजून आठवतो. १७५५ साली कमोडोर जेम्सच्या गलबतांनी किल्ल्यावर तोफा डागल्या आणि तुळाजी आंग्र्यांचा किल्ला पडला, एवढं पुस्तकात होतं. गुरुजींनी विचारलं, "इंग्रजांबरोबर त्या दिवशी कोण होतं?" कुणालाच माहीत नव्हतं. "पेशव्यांची फौज होती," ते म्हणाले, आणि वर्गाकडे बघत राहिले. मराठ्यांचं आरमार मोडायला मराठेच इंग्रजांच्या बाजूला उभे होते, हे तेरा वर्षांच्या मुलांना पचायला वेळ लागतो. तो वेळ त्यांनी आम्हाला दिला. लगेच कुणाला दोष दिला नाही, कुणाची बाजू सावरली नाही. "वाचलेल्यात लिहा," एवढंच म्हणाले.

आज बुरोंडीचं नाव निघालं की लोकांना पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला परशुराम आठवतो. पर्यटकांच्या गाड्या तिथे थांबतात. आमच्या लहानपणी तो पुतळा नव्हता, पण कथा होती. परशुरामाने बाण सोडून समुद्राला मागे हटवलं आणि कोकण वर आलं, ही गोष्ट आमच्या घराघरात सांगितली जाई. एका मुलाने विचारलं, ही कुठल्या रकान्यात? गुरुजी म्हणाले, "ऐकलेल्यात. पण ऐकलेलं म्हणजे खोटं, असं कोणी समजू नका. ऐकलेलं म्हणजे अजून तपासायचं." मग आम्हाला खडपात नेऊन जांभा दाखवला, लाडघरच्या तामसतीर्थाचं पाणी तांबूस का दिसतं ते तिथल्या तांबड्या खड्यांवरून समजावलं. परशुरामाबद्दल मात्र एक गोष्ट त्यांनी फार आवडीने सांगितली. पुराणात हा असा लढवय्या, ज्याची ओळख त्याच्या शिष्यांवरूनही होते: भीष्म, द्रोण, कर्ण. हातात परशू असलेला माणूस शिकवायला बसतो, हे त्यांना मनापासून पटलेलं असावं.

त्यांची खरी भक्ती होती ती याच तालुक्यातल्या दोन पेन्शनरांवर.

दापोलीला आमच्याकडची जुनी माणसं अजून 'कॅम्प' म्हणतात. १८१८ नंतर इंग्रजांनी तिथे छावणी वसवली, पुढे पेन्शनीत निघालेल्या शिपायांची ती वस्ती झाली. गुरुजींनी एकदा आम्हाला एसटीने कॅम्पात नेलं, मैदानाच्या कडेला झाडाखाली बसवलं आणि गोपाळबाबा वलंगकरांची गोष्ट सांगितली. महाडजवळच्या रावढूळचा माणूस, फौजेत हवालदार. ('हवालदार' हा शब्द गुरुजींनी जरा जोर देऊन उच्चारला.) १८८६ साली निवृत्त होऊन ते दापोलीला आले. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिलं आणि अस्पृश्यता कोणत्या शास्त्राच्या आधारावर उभी आहे असा जाब विचारला. पुढे दापोलीतच 'अनार्य दोषपरिहारक मंडळी' स्थापली. ज्या माणसाच्या सावलीचाही विटाळ मानत, तो प्रश्नांची यादी छापून धर्माच्या जाणकारांपुढे ठेवत होता. "त्यांना हे धैर्य कुठून आलं असेल?" गुरुजींनी विचारलं. आम्ही नेहमीसारखे गप्प. "पलटणीच्या शाळेतून," ते म्हणाले.

कंपनी सरकारच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना लिहावाचायला शिकवत. गावातल्या शाळेचा उंबरा ज्यांना बंद होता, त्यांना छावणीत पाटी मिळाली. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे रामजी सकपाळ तर पलटणीच्या शाळेचे हेडमास्तरच झाले. निवृत्तीनंतर सुभेदार रामजी काही काळ कॅम्प दापोलीत राहिले. त्यांच्या घरातलं सगळ्यात धाकटं मूल तेव्हा अगदी लहान होतं. त्या मुलाचं नाव सांगायची गरजच नव्हती. वर्गातल्या बौद्धवाडीच्या मुलांनी ते एका सुरात म्हटलं. त्या क्षणाचे गुरुजींचे डोळे मला आजही दिसतात. परतीच्या वाटेवर त्यांनी वणंदकडे हात दाखवला: रमाई तिथल्या. त्यांचे वडील दाभोळ बंदरात माशांच्या पाट्या वाहत. म्हावऱ्याच्या पाटीचं ओझं काय असतं हे आमच्यातल्या निम्म्या मुलांना घरातूनच ठाऊक होतं. भारताच्या इतिहासातली एवढी मोठी माणसं आमच्या एसटीच्या मार्गावर राहत होती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

आणि त्यांनी पुढचंही सांगितलं, लपवलं नाही. १८९० च्या दशकात सरकारने 'लढाऊ जाती' ठरवल्या आणि महारांची भरती बंद केली. जी शिडी चढून वलंगकर आणि रामजी वर आले, ती काढून घेतली गेली. भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. त्याला यश आलं नाही, आणि १९०० साली ते वारले. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभारली. गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण मंडळावर होते, त्याच वर्षी महार रेजिमेंट उभी राहिली. हे सांगताना गुरुजींच्या बोलण्यात राग होता. स्वतः मराठा पलटणीत आयुष्य काढलेला, स्वतःच्या पलटणीवर जीव ओवाळून टाकणारा हा माणूस दुसऱ्याला नाकारलेल्या गणवेशासाठी रागावत होता. मुलांना समता शिकवण्याचा याहून चांगला तास मी पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशीपासून गृहपाठ सुरू झाला. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचं: आपल्या घरातून पलटणीत, बोटीवर किंवा गिरणीत कोण गेलं? केव्हा? परत आलं का? जसं सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत लिहून आणायचं. आमच्यासारख्या मनीऑर्डरीवर जगलेल्या गावात असं घर नव्हतंच जिथून कोणी गेलं नव्हतं. बौद्धवाडीतल्या मुलाचे आजोबा १९४२ साली भरती झालेले निघाले. बंदरावरच्या दालदी मुलीने लिहून आणलं की तिचे नाना नौदलात होते, आणि १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईला 'तलवार'वर खलाशांनी बंड केलं तेव्हा त्यांच्या बोटीवरही इंग्रजांचा झेंडा उतरवला होता. रत्नागिरीची माणसं, त्यातही कोकणी मुसलमान, नौदलात किती मोठ्या संख्येने होती हे गुरुजींनी त्या दिवशी सांगितलं. ती मुलगी बाकावर ताठ बसली. कुणाचे आजोबा गोदीत होते, १४ एप्रिल १९४४ च्या स्फोटात सापडलेले. एकीच्या घरून 'आमच्याकडचं कोणी गेलं नाही, आम्ही शेती राखली' असं उत्तर आलं. गुरुजींनी तेही तितक्याच आदराने वाचून दाखवलं.

माझ्या वहीत जे होतं त्यावर वर्ग हसला.

माझ्या आजीचे सासरे, म्हणजे माझे पणजोबा, आणि त्यांचा धाकटा भाऊ असे दोघे 'बसऱ्याच्या लढाईला' गेले होते. पहिल्या महायुद्धाला आमच्या घरात दुसरं नाव नव्हतं. धाकटा परत आला नाही. पणजोबा आले, पण हाडांचा सापळा होऊन. आजीने त्यांच्याच तोंडून ऐकलेलं मला सांगितलं आणि मी ते जसंच्या तसं लिहिलं: "मामंजी सांगायचे, गावात कोंडून घातलं व्हतं. खायला काय नाय. गवत उपटून शिजवून खाल्लं. घोडा खा म्हनाले, तो कोन खानार? मग आभाळातनं पीठ पडायला लागलं. एकदा तर आभाळातनं जातं पडलं."

जातं पडलं म्हटल्यावर कोण हसणार नाही? गुरुजी हसले नाहीत. हसणं थांबेपर्यंत उभे राहिले आणि मला म्हणाले, "पलटणीचा नंबर सांगितला का आजीने?" सांगितला होता. आजीला वाचता येत नसे, पण तो आकडा पाठ होता: एकशे तीन.

गुरुजी खुर्चीवर बसले. शिकवताना ते कधी बसत नसत. १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री म्हणजे १७६८ साली मुंबईत उभी राहिलेली जुनी पलटण. १९२२ च्या फेरमांडणीत तिचा नंबर बदलला आणि ती मराठ्यांची पहिली बटालियन झाली. फौजेत तिला 'जंगी पलटण' म्हणतात. गुरुजींची पलटण तीच. माझे पणजोबा आणि ते एकाच पलटणीचे, मध्ये पन्नास वर्षांचं अंतर. "म्हणजे तू माझ्या घरातली," ते मला म्हणाले. तरीही आकडा त्यांनी ऐकलेल्यातच लिहायला लावला.

पदक आहे का, हे विचारायला ते घरी आले. त्या युद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं असे, आणि त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे. कड वाचली की सगळं सिद्ध. आजीने पेटीतून फडक्यात बांधलेले वाळे काढले. माझे वडील जन्मले ते दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, घरात पहिला नातू, हाताशी पैसा नाही. पणजोबांनीच पदक सोनाराला दिलं आणि नातवाच्या पायात वाळे घातले. गुरुजींनी ते तळहातावर घेतले, उलटसुलट करून पाहिले. मला वाटलं, एवढा पुरावा वितळला म्हणून ते हळहळतील. ते म्हणाले, "काकी, योग्य केलं त्यांनी."

जात्याचा छडा लागायला पुढचं वर्ष उजाडलं. पलटणीच्या मेळाव्यासाठी गुरुजी बेळगावला गेले तेव्हा तिथल्या ग्रंथालयात बसून त्यांनी कुत-अल-अमाराचं सगळं वाचून काढलं. टाउनशेंडच्या हाताखालची सहावी पूना डिव्हिजन तायग्रिसच्या वळणावरच्या त्या गावात डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकली. तिच्यात १०३ वी होती, ११० वी आणि ११७ वी मराठाही होती. सोडवायला आलेल्या फौजा पुन्हा पुन्हा मागे रेटल्या गेल्या. शिधा घटत गेला. स्कर्व्हीने हिरड्या सडू लागल्या तेव्हा शिपाई रानपाला खुडून शिजवत. घोड्याचं मांस खायला हिंदी शिपाई तयार नव्हते. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा आल्या तरी कित्येकांनी शेवटपर्यंत धीर धरला. आणि एप्रिल १९१६ मध्ये विमानांनी वरून पिठाची पोती टाकायला सुरुवात केली. वेढ्यातल्या सैन्याला आकाशातून शिधा पुरवण्याचा जगातला तो पहिला मोठा प्रयत्न होता. पोती पुरी पडली नाहीत, काही नदीत गेली. त्याआधी गावात जव सापडला होता पण दळायला साधन नव्हतं, म्हणून विमानातून जात्याचे दगडही टाकले होते.

गुरुजी बेळगावहून आले ते घरी न जाता आधी आमच्या ओटीवर आले. "काकी, तुमचे मामंजी खरं बोलत होते. जातं पडलं होतं."

आजी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली. "मग खोटं कशाला बोलतील?"

त्या संध्याकाळी माझ्या वहीतली ती ओळ गुरुजींनी स्वतः ऐकलेल्यातून वाचलेल्यात नेली. बाण काढून. खाली तारीख घातली.

२९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं. शिपाई आणि बिनलढाऊ नोकर धरून तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. हिंदी कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं आणि रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. पणजोबा त्यातले असावेत. 'रूळ टाकले' एवढंच आजीला आठवे. धाकट्या भावाचं काय झालं, वेढ्यात गेला की वाटेत, ते पणजोबांनी घरी कधी सांगितलं नाही. माहीत नव्हतं म्हणून की सांगवेना म्हणून, हेही आजीला ठाऊक नव्हतं.

गुरुजींच्या स्वतःच्या युद्धाबद्दल आम्ही किती वेळा विचारलं! १९७१ च्या डिसेंबरात जंगी पलटण लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली बांगलादेशात जमालपूरला होती. ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटणीने जमालपूरच्या मागचा, टांगाइलकडे जाणारा रस्ता रोखला. आत ३१ वी बलुच पलटण. ९ तारखेला ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं त्यात एक बंदुकीची गोळी गुंडाळलेली होती, आणि लेखणी चांगली चालवता, आता स्टेनगन घेऊन भेटा, अशा अर्थाचा मजकूर होता. १० च्या रात्री बलुच शिपायांनी वेढा फोडायचा जोराचा प्रयत्न केला तो थेट मराठ्यांच्या अंगावर. पहाटेपर्यंत रण चाललं. ११ ला जमालपूर पडलं, त्याच दिवशी टांगाइलजवळ आपले छत्रीधारी सैनिक उतरले, आणि १६ ला ढाका.

हे सगळं मी आज लिहू शकते कारण ते पुस्तकांत आहे. गुरुजी २६ जानेवारीला कधी भाषणाला उभे राहिले नाहीत. गावाने हार आणला तर तो शाळेच्या फोटोंना घालत. शिक्षकीतूनही निवृत्त झाल्यावर एकदा मी मुंबईहून आले असताना भेटायला गेले. त्यांनी कपाटातून स्वतःची वही काढली. तिच्यातही तीन रकाने. जमालपूरचं पान उघडून माझ्या हातात दिलं. 'वाचलेलं' खच्चून भरलेलं. चिठ्ठी आणि गोळी 'ऐकलेलं'मध्ये होती, नंतर बाणाने 'वाचलेलं'मध्ये नेलेली. 'पाहिलेलं'मध्ये चारच ओळी होत्या. अंधार होता आणि दव पडत होतं. मॉर्टरचे गोळे वाहत होतो, हात भाजले. शेजारच्या खंदकातला जोडीदार पाणी मागत होता, पोहोचेपर्यंत गेला. सकाळी शेतात पडलेले मोजायला सांगितलं, मोजले नाहीत.

"मोजले नाहीत म्हणजे?" मी विचारलं.

"आकडा दुसऱ्याने दिला. पुस्तकात तो आहे," ते म्हणाले. "माझा नव्हे."

पुढे त्यांच्या मुलाने ती वही माझ्याकडे सोपवली, आणि गृहपाठांचा गठ्ठाही. मुलांची सगळी पानं त्यांनी वाडीवार लावून ठेवली होती. मी आता ती घेऊन घरोघर फिरते. ज्यांनी ती लिहिली ती मुलं आता आजोबा-आजी व्हायच्या वयाला आली, काहींच्या घराला कुलूप आहे. दालदी मुलीच्या नानांचं नौदलाचं पुस्तक मिळालं. बौद्धवाडीतल्या आजोबांचं पेन्शनपत्र मिळालं, गावाचं नाव चुकीचं पण शिक्का स्पष्ट.

आमच्या धाकट्या पणजोबांचा शोध तेवढा लांबला. मेसोपोटेमियात पडलेल्यांचं स्मारक बसऱ्याला आहे, चाळीस हजारांवर माणसांसाठी. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरलेली आहेत. हिंदी शिपायांची नावं कोरली नाहीत. प्रत्येक पलटणीखाली नुसता आकडा. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने ही विषमता २०२१ साली जाहीर कबूल केली आणि माफी मागितली. नावं कागदावर होती, ती आता पाहता येतात. मी १०३ ची यादी ओळीने वाचली. एका नोंदीत नाव आमचं, बापाचं नाव आमचं, जिल्हा रत्नागिरी. तालुका लिहिलेला नाही. गावाचं स्पेलिंग असं की ते बुरोंडी वाचता येतं आणि संगमेश्वरचं बुरंबाडही. मी ती नोंद उतरवून घेतली आहे, पण अजून आमच्या घरच्यांना सांगितलेलं नाही. आधी बुरंबाडला जाऊन विचारायला हवं. त्यांच्याकडचाही कोणी त्या नावाचा बसऱ्याहून परतला नसेल, तर ते नाव त्यांचं असू शकतं.